कुणाचं कुणाविरुद्ध काही आहे का?

चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या रविवारी, भाकर मोडण्याआधी, पाळकसाहेब मंडळीला एक प्रश्न विचारत. "कुणाचं कुणाविरुद्ध काही आहे का?" एवढाच. मग ते चष्मा काढत, रुमालाने पुसत आणि परत डोळ्यांवर चढवत. तेवढा वेळ उत्तरासाठी राखून ठेवलेला असे. आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं. आधीच्या पाळकांच्या काळात एकदा कुणीतरी याच वेळी खाकरलं होतं, तर आठवडाभर त्याच्या घशाची नाही, मनाची चौकशी चालू होती.

मंडळीत कुणाचं कुणाविरुद्ध काही नव्हतं, असं मुळीच नाही. एका सामाईक भिंतीवरून दोन कुटुंबं वर्षानुवर्षं एकमेकांकडे पाठ करून एकाच बाकावर बसत, आणि हे जमवायला बरंच कौशल्य लागतं. पण तो प्रश्न म्हणजे रस्त्यात भेटणाऱ्याने विचारलेलं "काय, बरं आहे ना?" होता. त्यावर माणूस खरंच थांबून सांगायला लागला तर विचारणाऱ्याची पंचाईत.

त्या रविवारी थोरलीने थांबून सांगायचं ठरवलं होतं.

थोरली आठवडाभर वाफेच्या लॉन्ड्रीत घडीच्या टेबलावर काम करायची आणि रविवारी संडेस्कूलमध्ये पोरांना शिकवायची. दोन्हीकडे तिची ख्याती एकच होती, तिच्या हाताखालून सुरकुती सुटत नाही. लॉन्ड्री मंडळीतल्याच एका बंधूंची. म्हणजे रविवारी ते बंधू, मंडळीचे पंच, पहिल्या बाकावर बसणारे, एरवी मालक. रविवारी ते थोरलीला "भगिनी" म्हणत आणि सोमवारी "ओ बाई". थोरलीही वार बघून हाक मारायची. वार चुकला तर दोघांनाही अवघडल्यासारखं झालं असतं.

लॉन्ड्रीत हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी यायच्या. धुऊन, पिळून झाल्या की त्या मोठ्या रुळावर जायच्या. रूळ म्हणजे आडवं फिरणारं, तापलेलं, माणसाच्या उंचीहून लांब लोखंडी पिंप. दोन बायका चादरीची दोन टोकं धरून ती त्याच्या तोंडात द्यायच्या, आणि पलीकडून ती कडक होऊन थोरलीच्या टेबलावर उतरायची. रुळाच्या तोंडाशी, बोटांच्या उंचीवर, एक आडवा दांडा होता. त्याला हात लागला की रूळ जागच्या जागी थांबे. ज्या कुणी हे यंत्र बनवलं त्याला माणूस ठाऊक होता. पण दांड्याला बोट आणि चादरीची जाड शिवण यांतला फरक कळत नसे. शिवण लागली तरी रूळ थांबायचा, की इकडे चादरींचा ढीग आणि मालकांचा पारा दोन्ही चढायचे. शेवटी एक दिवस मालकांनी फाटक्या चादरीची पट्टी घेतली आणि दांडा वर ओढून स्वतःच्या हाताने बांधून टाकला. तेव्हापासून दांडा शोभेला उरला. रूळ थांबायचं विसरला.

उन्हाळ्याच्या तोंडावर धाकटीचा उजवा हात त्यात गेला.

धाकटी म्हणजे थोरलीची सख्खी बहीण, रुळाच्या एका टोकाला उभी राहणारी. हात वाचला, असं डॉक्टर म्हणाले. मनगटापुढे काहीतरी जोडलेलं राहिलं की डॉक्टरांच्या हिशेबी हात वाचतो. धाकटीची बोटं एकमेकांना चिकटून बसली होती. त्या हाताने तिला कप धरता येत नव्हता, वेणी घालता येत नव्हती, आणि चर्चमध्ये टाळी वाजवायची वेळ आली तर आवाज येत नव्हता. बंधू दवाखान्यात फळांची टोपली घेऊन आले. त्यांनी लांबलचक प्रार्थना केली. देवाने आपल्या या भगिनीवर ही परीक्षा का आणली हे आम्हा पामरांना कळत नाही, असं ते डोळे मिटून म्हणाले. पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या थोरलीला ते चांगलं कळत होतं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे नेमकी कुठल्या वाटेने जाते, हेही तिला त्या दिवशी कळलं. "आमेन" कुणीतरी म्हणायला हवं होतं, म्हणून ते धाकटीने म्हटलं.

मग बंधूंनी मन मोठं केलं. घरातली कमावती बाई बसून राहिली, म्हणून त्यांनी तिच्या मुलीला कामावर घेतलं. त्याच रुळावर, त्याच टोकाला, आईच्याच जागी. पट्टी तशीच. पाळकसाहेबांनी हे उपासनेत जाहीर केलं तेव्हा लोकांनी मान हलवून कौतुक केलं. थोरली मात्र त्या दिवसापासून टेबलावरून भाचीच्या बोटांकडे बघत घड्या घालू लागली. चादर रुळात जाई, बोटं मागे येत. पुढची चादर जाई, बोटं मागे येत. थोरलीच्या घड्या वाकड्या पडायला लागल्या. आणि प्रत्येक चादरीबरोबर तिच्या डोळ्यांपुढे एक चित्र यायचं. त्या रुळात मालकांचा हात जातोय, अंगठीसकट. हे चित्र वाईट आहे हे तिला माहीत होतं. ते तिने देवाच्याही कानावर घातलं होतं, पण पश्चात्तापाच्या सुरात नाही, सूचना म्हणून.

अशातच पाळकसाहेब घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसले. येत्या प्रभुभोजनाच्या वेळी दोघी बहिणींनी उभं राहून क्षमेची साक्ष द्यावी, नंतर बंधूही चार शब्द बोलतील, तरुण पिढीपुढे आदर्श राहील, असं त्यांनी चाचरत मांडलं. धाकटी म्हणाली की तिने क्षमा कधीच केली, दवाखान्यातच, त्यात सांगायचं काय. थोरलीने विचारलं, "आणि पट्टी?" कुठली पट्टी, ते पाळकसाहेबांना सांगावं लागलं. ऐकून ते आणखी कडेला सरकले. तो लॉन्ड्रीच्या कामकाजाचा भाग झाला, त्यात मंडळीने नाक खुपसणं बरं नाही, असं त्यांचं मत पडलं. मग त्यांनी साताच्या सत्तर वेळा क्षमा करण्याचं बायबलातलं वचन काढलं.

तो अध्याय थोरली दरवर्षी पोरांना शिकवायची. साताच्या सत्तर वेळा येतं ते शेवटी. त्याआधी, त्याच पानावर, प्रभूने रीतसर पद्धत घालून दिली आहे. भावाने तुझं वाईट केलं तर आधी एकटी त्याच्याकडे जा आणि दोघांतच बोल. नाही ऐकलं तर एक-दोघांना सोबत ने. तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. पाळकसाहेबांनाही हे तोंडपाठ होतं. यावर त्यांनी कधीकाळी बरं प्रवचनही केलं होतं. पण बंधूंचा विषय निघाला की त्यांचं बोट पानाच्या खालच्या बाजूलाच पडायचं.

थोरलीने ठरवलं, मंडळीलाच सांगायचं. पहिल्या दोन पायऱ्या तिने गाळल्या. एकटीने गेलं तर मालक चहा देतील, गोड बोलतील आणि बोळवण करतील, असं कारण तिने स्वतःला दिलं. खरं कारण असं की इतके दिवस राखून शिजवलेला राग एका माणसापुढे वाढणं तिच्या जिवावर आलं होतं. पंगत हवी होती.

रविवारी प्रश्न आला. पाळकसाहेबांनी चष्मा काढला.

"माझं आहे," थोरली उभी राहून म्हणाली.

चष्मा हातातच राहिला. भिंतीवाल्या दोन्ही कुटुंबांनी कित्येक वर्षांनी एकाच दिशेला तोंड केलं. थोरलीने सुरुवात नेटकी केली. दांडा, पट्टी, धाकटीचा हात, आता तिथेच उभी असलेली भाची. मंडळी पुढे झुकून ऐकत होती. तिथेच ती खाली बसली असती तर गोष्ट निराळी झाली असती. पण रागाला एकदा दार उघडलं की तो एकटा येत नाही, सगळं लटांबर घेऊन येतो. लॉन्ड्रीच्या न उघडणाऱ्या खिडक्या निघाल्या. दवाखान्यातली ती प्रार्थना निघाली. चर्चच्या दारातच आडवी लावलेली बंधूंची गाडी निघाली. पहिल्या बाकावर त्यांच्या बायकोने अडवलेली जागा निघाली. आणि शेवटी, आवाज फाटेपर्यंत चढलेला असताना, बंधू गाताना सूर सोडतात आणि तरी सगळ्यांत मोठ्याने गातात, हेही निघालं.

मंडळी हळूहळू बाकांना टेकली. लोकांच्या चेहऱ्यांवर हायसं वाटल्याचं स्पष्ट दिसत होतं. हे तर वैयक्तिक भांडण निघालं.

बंधू मान खाली घालून बसले होते. थोरली दम घ्यायला थांबली तेव्हा ते उठले, आणि अतिशय मऊ आवाजात म्हणाले, "मी भगिनीला क्षमा करतो."

पाळकसाहेबांनी घाईघाईने आमेन म्हटलं आणि चष्मा चढवला.

भाकरीचं ताट फिरत आलं. थोरलीने तुकडा न घेताच ते पुढे सरकवलं. धाकटीने डाव्या हाताने तुकडा घेतला, खाल्ला, आणि मिटल्या डोळ्यांनी बसून राहिली. तिचं ते बसणं बघून थोरलीला वाटलं, सगळ्यांत आधी हिलाच गदागदा हलवावं.

घरी जाताना दोघी बहिणींबरोबर थोरलीचा नवरा होता. तो बस चालवायचा. गर्दीत गाडी कशी काढावी हे त्याला कळे, बायकोला रागातून कसं काढावं हे नाही. चालता चालता तो म्हणाला की सुरुवात चांगली झाली होती. थोरलीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढच्या वळणावर काहीही आणायचं नसताना दुकानात शिरला.

धाकटी तिथेच थांबली. तिला राग आलेला थोरलीने लहानपणानंतर पहिल्यांदाच पाहिला.

"तू माझ्यासाठी उठलीस असं वाटलं मला," धाकटी म्हणाली. "आणि तू त्याचं गाणं काढलंस, ताई."

थोरली म्हणाली, तोंड उघडायची हिंमत तरी केली मी. तू तर माफ करून मोकळी झालीस.

"मोकळी? मी त्याच्या ऑफिसात जाऊन आले, पोरगी कामाला लागली त्याच आठवड्यात. एकटी. पट्टी सोडा म्हटलं. त्याने चहा दिला, मी डाव्या हाताने घेतला, तर तो खिडकीबाहेर बघत बसला. बघतो म्हणाला." धाकटीने श्वास घेतला. "माफ केलं म्हणजे पट्टी बरोबर आहे असं म्हटलं का मी? एका हातात किती वाहू? राग धरायला मला हात नाही. तुला दोन आहेत. मग निदान कामाचा तरी धर. तू गेली होतीस त्याच्याकडे? एकटी? पोरांना शिकवतेस ना?"

थोरली दिवसभर भांडी आपटत राहिली.

सोमवारी सकाळी ती लॉन्ड्रीत शिरली ती थेट मालकांच्या खोलीत. रुळाची घरघर सुरू झाली होती. भाची आपल्या टोकाला उभी होती. मालकांना वाटलं बाई माफी मागायला आली. त्यांनी खुर्ची दाखवली, चहा सांगायला हात वर केला. थोरली बसली नाही, चहा नको म्हणाली.

"काल मी पुष्कळ बोलले," ती म्हणाली. "त्यातलं एकच खरं धरा. पट्टी सोडा."

राग होताच. पण समोर बघणारं कुणी नव्हतं, त्यामुळे त्याला नटायला जागा नव्हती. तो नुसता बसून होता. तिला कळलं, एकटीने येणं अवघड का होतं ते. समोर एक म्हातारपणाकडे झुकलेला माणूस होता, त्याच्या कपाळावर घाम होता, आणि त्याच्यावर ओरडणं सोपं गेलं असतं.

मालक समजुतीने बोलू लागले. सगळीकडे दांडे असेच बांधलेले असतात. पट्टी सोडली तर कामाला उरकच राहणार नाही. त्यांनी स्वतः तरुणपणी रुळावर काम केलंय, कधी ओरखडा नाही. धाकटीचं झालं ते वाईटच, पण खरं बोलायचं तर तिचं लक्ष नसणार. लक्ष देऊन काम केलं की काही होत नाही.

"मग एक चादर घालून दाखवा," थोरली म्हणाली.

हे बोलताना तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच ते मालकांना झोंबलं. ते उठले, तसेच बाहेर आले, रुळापाशी गेले आणि धाकटीच्या जागी, म्हणजे आता भाचीच्या जागी, उभे राहिले. भाची बाजूला झाली. पलीकडच्या टोकाच्या बाईने चादर उचलली. थोरली मालकांच्या मागे उभी राहिली. बाकीच्या बायकांनी कामं चालू असल्यासारखे हात हलते ठेवले आणि डोळे इकडे लावले.

पहिली चादर झकास गेली. मालकांचे हात जुनं काम विसरले नव्हते. त्यांनी मान वळवून थोरलीकडे विजयी मुद्रेने पाहिलं. दुसरी चादर उचलली ती बोलत बोलतच. बघा, टोक असं धरायचं, असं सोडायचं, यात काय आहे, असं ते सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने समजावत होते आणि तोंड बायकांकडे होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ओल्या चादरीने त्यांच्या लांब बाहीचा कफ आपल्यात गुंडाळून घेतला आणि ती रुळाकडे निघाली. मालकांचं वाक्य मध्येच तुटलं. त्यांनी हात ओढला. चादर त्यांच्याहून जोरात ओढत होती. दांडा वर, पट्टीत, आरामात होता.

इतके दिवस चादरीगणिक बघितलेलं चित्र थोरलीपुढे आता खरोखरच उभं होतं, अंगठीसकट. ती नुसती उभी राहिली असती तरी पुरे होतं.

तिने मालकांची कॉलर धरली आणि पाय रोवून मागे ओढलं. मालकांना कॉलरला धरून ओढावं असं तिला फार दिवसांपासून वाटत होतं, पण ते असं घडेल असं वाटलं नव्हतं. कापड टरकन फाटलं. दोघंही मागे ओल्या फरशीवर कोसळले. भाची धावत जाऊन भिंतीवरचं मोठं बटण बंद करून आली, तरी रूळ हट्टाने थोडा फिरलाच. बाही पलीकडून कडक इस्त्री होऊन, बटणाचा चुरा मिरवत, घडीच्या टेबलावर येऊन पडली.

लांबच्या बायकांना फक्त थोरलीने मालकांना आपटलेलं दिसलं. त्यांतल्या काहींना बरं वाटलं.

मालक फरशीवर बसून आपल्या मनगटाकडे बघत होते. तिथे एक लाल, फुगत चाललेली रेघ होती. पाचही बोटं होती. त्यांनी ती एकदा मिटली, एकदा उघडली. थोरली उठली. तिला स्वतःच्या हातांचाच भयंकर राग आला. विचारलं नाही, सांगितलं नाही, परस्पर जाऊन त्याला ओढून आले. हे असं होणार असेल, तर पोरांना वैऱ्यावर प्रीती करायला शिकवताना आपण काय धोक्याची गोष्ट शिकवत होतो, याची तिला पहिल्यांदाच जाणीव झाली.

"मी..." मालक म्हणाले. त्यांचा आवाज रविवारचाही नव्हता आणि सोमवारचाही नव्हता. "तुझे उपकार... मला क्षमा—"

"त्याचं बघू नंतर," थोरली म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते रागारागाने पुसत होती. "तुमचा हात वाचवायला आले नव्हते मी. माझ्या बहिणीचा गेला तेव्हा तुम्हाला देवाची इच्छा कळत नव्हती. आता कळली? उठा. आधी गाठ सोडा."

ते उठले. एका हाताने यंत्राचा आधार घेत दांड्यापाशी गेले आणि पट्टीच्या गाठीला बोटं लावली. गाठ त्यांनीच मारलेली, वर महिनोन्महिने वाफ खाल्लेली. दगड झाली होती. एक पदर निसटला की दुसरा आवळे. भाचीला बघवेना, ती मदतीला पुढे झाली. थोरलीने तिचं मनगट धरलं.

"त्यांनी बांधली. त्यांना सोडू दे."

मालक गाठीशी झटत राहिले. त्यांच्या उघड्या पडलेल्या हातावरचा भाजल्याचा पट्टा आता चांगलाच टरारला होता. दर वेळी तो दांड्याला घासे आणि ते ओठ चावत. गाठ सोडायला मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कुणाला हाकही मारली नाही. थोरली बघत राहिली. तिला वाटलं होतं हे बघून आत गार वाटेल. वाटलं नाही. राग होता तिथेच होता, तसूभरही हलला नव्हता. फक्त त्याच्या शेजारी आता आणखी काहीतरी येऊन बसलं होतं आणि जागा मागत होतं.

शेवटी ती टेबलाकडे गेली आणि सुटे दोरे कापायची मोठी कात्री उचलून आणली. मालकांनी तिला कात्री घेऊन येताना पाहिलं आणि नकळत अर्धं पाऊल मागे घेतलं. तिने कात्रीची पाती आपल्या मुठीत धरली आणि कड्या त्यांच्यापुढे केल्या.

"घ्या," ती म्हणाली. "आणि लवकर कापा. मी अजून रागातच आहे."